पांढऱ्या कापडावर पांढरा टाका

प्रिय पोपटे,

पत्र बघून छातीत धस्स होऊ देऊ नकोस, कोणी मेलेलं नाही. मेलं असतं तर फोन केला असता, त्यासाठी एवढी पानं खरडायला मी रिकामी बसलेली नाही. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिते. तुझ्या आजोबांची उजवी बाजू गेली, वाचा गेल्यात जमा, पण कान असे शाबूत आहेत की मी स्वयंपाकघरात झाकण ठेवलं तर ते कुठल्या पातेल्यावर ठेवलं हे त्यांना पलंगावर कळतं. आत्ता दुपारचे ते डोळे मिटून पडलेत, सांभाळणारी बाई गॅलरीत चादरी वाळत घालते आहे, तेवढ्यात उरकते. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी कंटाळून पुढे ढकललं म्हणून. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. मजकूर मात्र सुधारत बसू नकोस, तुला ती खोड आहे. तुझ्या मालिकेने या घरात काय करून ठेवलंय ते सांगायचं आहे, आणि तुझ्या बापाला यातलं एक अक्षर माहीत नाही, तेव्हा वाचून झालं की फाडून टाक.

मालिका आम्ही पहिल्या दिवसापासून बघतो. रात्री अकराला या घरात पूर्वी घोरण्याशिवाय काही ऐकू येत नसे. आता पावणेअकरापासून तयारी. टीव्ही बाहेरच्या खोलीतून उचलून आजोबांच्या पायथ्याशी कपाटावर ठेवला, खाली तुझ्या शाळेच्या दोन जाड वह्या सरकवल्या, तेव्हा कुठे त्यांना मान न वळवता दिसायला लागला. परपुरुषाची भानगड आहे ती ना, असं तुझी आई पहिल्याच दिवशी म्हणाली आणि झोपायला गेली, तिला सकाळी सहाला कामावर जायचं असतं. आजोबांना भानगडीत काडीचा रस नव्हता. त्यांना रस होता शेवटी नावं सरकतात त्यात. संवाद म्हणून तुझं नाव येतं, पुरं, आडनावासकट, आणि जेमतेम दोन श्वास टिकतं. त्या दोन श्वासांसाठी हा माणूस पाऊण तास रडारड सोसायचा. नाव आलं की डावं बोट उचलायचं, अर्धं तोंड हसायचं आणि म्हणायचं, पोपट. चार शब्द उरलेत त्यांच्यापाशी. पाणी, नको, उजेड आणि पोपट. बोलायला लागलीस तेव्हा घरातलं सगळं शेजारी जाऊन सांगायचीस म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलं होतं.

माझं मत तू विचारलं नाहीस, तरी घे. तुझी ती नायिका झोपेतून उठते तेव्हाही ओठांना लाली असते. एवढ्या मोठ्या घरात तिला काम काय, तर जिन्यावरून खाली यायचं आणि पुन्हा वर जायचं. चोरून भेटायला निघते तेव्हा अंगावर असं लालभडक की आंधळ्यालाही कळावं बाई कुठे चालली ते. चोरून जाणारी बाई तशी नसते ग. ती हातात पिशवी घेते, पिशवीत कांदे घेते आणि कपाळावर आठ्या घालते, म्हणजे वाटेत कोणी थांबवत नाही. आमची सांभाळणारी बाई मात्र तुझ्या मालिकेवर लट्टू आहे. स्वतःच्या घरी बघते आणि सकाळी येऊन पुरा भाग मला पुन्हा सांगते, जणू रात्री मी दुसऱ्या गावी होते. आजी, त्या नवऱ्याला दिसत कसं नाही हो, असं ती रोज विचारते. मी म्हणते, तुला काय करायचंय, आधी अंथरूण बदल.

सुरुवातीला मलाही काही उमगलं नाही. नवव्या की दहाव्या आठवड्यात तुझी नायिका खिडकीत उभी राहून म्हणाली, नवरा वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. माझ्या हातातला चमचा तिथेच थांबला. ते वाक्य माझं होतं. मोरीत चादरी चुबकताना मी ते तुला म्हटलं होतं, जसंच्या तसं. दोन वर्षांपूर्वी तू आठ दिवस इथे येऊन उशीत तोंड खुपसून पडली होतीस, त्या लग्न झालेल्या माणसापायी. आईला पोट दुखतंय म्हणून सांगितलंस. मला पोटाचं दुखणं कळतं आणि दुसरंही कळतं. जगात हे आपल्या एकटीच्याच वाट्याला आलं असं तोंड करून बसली होतीस, म्हणून मी माझं सांगितलं. उपदेश म्हणून नाही. उचकी लागलेल्या पोराला दचकवतात ना, तसं. रडणं थांबलं खरं. तू डोळे पुसलेस आणि प्रश्न विचारायला लागलीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. जिचं दुखत असतं ती एवढे मुद्द्याचे प्रश्न विचारत नाही.

बरंच बदललंस, ते कबूल. मी आणि आजोबा कामाला होतो त्या लाँड्रीचं तू हॉस्पिटल केलंस, तुझ्या आजोबांना कारखानदार केलंस, मला उंच केलंस. माझ्या त्या नकाशेवाल्याला हृदयाचा डॉक्टर केलंस, म्हणजे कमालच. तो सरकारी कचेरीत बसून जमिनीचे नकाशे काढायचा आणि त्याच्या उजव्या बाहीला कायम शाई. लाँड्रीत आम्ही कोणाचं नाव घेत नसू, गिऱ्हाइकाला त्याच्या डागावरून ओळखायचं. तोही मला नावाने हाक मारत नव्हता. हे सगळं तू झाकलंस. टाका तेवढा झाकला नाहीस. तुला वाटलं असेल, एवढीशी बारीक गोष्ट, कोणाच्या लक्षात येणार आहे. आणि किती सुंदर दिसते पडद्यावर. दिसली खरी. ती मान खाली घालून दिव्याखाली पांढऱ्या शर्टात पांढरा टाका घालते आणि मागे व्हायोलिन. मी घातला तेव्हा मागे तीनशे चादरी उकळत होत्या.

कामाचं नीट कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते. मी खुणा घालायच्या खोलीत होते. गठ्ठा आला की प्रत्येक कपड्याला आतल्या बाजूने धाग्याची खूण घालायची, म्हणजे शंभर घरांचे कपडे एका पाण्यात गेले तरी ज्याचे त्याला परत. कोणाचे लाल दोन टाके, कोणाचा हिरवा एक आणि फुली. त्या कामाला वाचता येण्याची गरज नव्हती, म्हणून मला नोकरी मिळाली. नकाशेवाल्याची खूण निळे तीन. ज्या आठवड्यात मला निघता येण्यासारखं असेल त्या आठवड्यात मी त्याच्या कॉलरच्या आत, निळ्याच्या शेजारी, एक पांढरा टाका घालायचे. पांढऱ्या कापडावर पांढरा. मुकादमाला दिसू नये, मोजणारीला दिसू नये, फक्त ज्याला माहीत आहे त्याने बोट फिरवलं की लागावा. मी स्वतःला फार हुशार समजत होते. एकच विसरले. इस्त्रीवाले डोळ्यांनी बघतच नाहीत. आठ टेबलं होती आमच्याकडे, तिसरं तुझ्या आजोबांचं. इस्त्री ठेवण्याआधी ते डाव्या हाताचा अंगठा कॉलरच्या आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे. आत गाठ राहिली तर वरून चकाकणारा ठिपका उमटतो आणि कॉलर कायमची जाते. मी रोज तो अंगठा बघत होते ग, जेवायच्या सुट्टीत त्यांच्याच टेबलाशी उभी राहून. आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

आता सगळं बिघडलं त्या रात्रीचं. डॉक्टरची बदली होते, तो तिला म्हणतो, माझ्याबरोबर यायचं असेल तर या शर्टात दोन टाके घाल, आणि ती घालते. तोवर एकच असायचा, या वेळी दोन, चुकायला नको म्हणून. हेही माझंच. मी आजोबांच्या उशाशी औषधाचं दूध घेऊन बसले होते आणि मनातल्या मनात तुला शिव्या मोजत होते. पडद्यावर सुई वर आली, खाली गेली, आणि बघते तर आजोबांचा डावा अंगठा चादरीच्या काठावरून फिरतोय. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ते हसायला लागले. आमचं काम टीव्हीवर आलं म्हणून हसले, अगदी लहान मुलासारखे, माझ्याकडे बघत, आठवतंय का तुला अशा अर्थाने. अंगठा आणि बोट जुळवून काहीतरी उपटल्यासारखं केलं. आणि सात महिन्यांत पहिल्यांदा नवा शब्द काढला. म्हणाले, चूक. मग थांबून, मी. मग पुन्हा उपटल्यासारखं केलं आणि दोन बोटं वर केली.

तुला समजलं का? मला समजायला थोडा वेळ लागला. त्यांना तेव्हा तो टाका हाताला लागायचा आणि वाटायचं, बायकोची खूण चुकली. निळे तीन आणि पांढरा एक म्हणजे कपडा दुसऱ्याच गठ्ठ्यात जायचा, ओरडा मला बसायचा. तीन चुका झाल्या की मुकादम घरी पाठवायचा. म्हणून ते टेबलाखाली टोचलेली सुई काढून माझी चूक गुपचूप उपटून टाकायचे. मला कधी बोलले नाहीत, कारण चूक दाखवलेली मला खपत नाही हे लग्नाच्या पहिल्याच महिन्यात त्यांना कळलं होतं. शर्ट दुसऱ्या सात टेबलांवर गेला की तो भेटायचा. त्यांच्या टेबलावर गेला की नाही भेटायचा. मी ठरल्या जागी ताटकळत उभी राहायचे आणि म्हणायचे, पुरुषांचं असंच, मनात आलं तर येतील. आणि शेवटचा शर्ट, दोन टाक्यांचा, तिसऱ्या टेबलावर गेला होता. मी बस थांब्यावर कांद्याची पिशवी घेऊन दीड तास उभी होते, कांद्यांखाली दोन लुगडी होती. पोटात दोन महिने होते. मग घरी आले आणि कपडे भिजत घातले. तो घाबरला, पळपुटा निघाला, हेच मी तुला सांगितलं आणि तू तेच लिहिलंस. पुढच्याच भागात तुझा डॉक्टर विमानात बसून भ्याडासारखा निघून गेला. एकावन्न वर्षं मी त्या माणसाला मनात थुंकले. तो कुठेतरी आपला धुतलेला शर्ट उलटा करून, कॉलरमध्ये बोट फिरवत बसला असेल आणि बाई नाही म्हणाली असं समजून गेला असेल. जिवंत असेल तर अजून तसंच समजत असेल.

पण मी त्याच्यासाठी रडायला बसलेले नाही. मला सांगायचंय ते तुझ्या आजोबांच्या तोंडाबद्दल. दोन बोटं वर करून ते हसत होते ना, ते हसता हसता पडद्याकडे वळले, तिथे ती बाई शर्टाची घडी छातीशी धरून उभी होती, आणि मग पुन्हा माझ्याकडे वळले. बोटं तशीच वर. हसू अर्ध्या तोंडावर तसंच राहिलं, कारण त्यांना ते पटकन आवरता येत नाही आता. डोळे मात्र आधी पोहोचले. माझ्या देखत कळलं त्यांना, पोपटे. दूध गार झालं. शेवटी नावं सरकली, तुझं नाव आलं आणि गेलं. त्यांनी बोट उचललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या हातचं खात नाहीत. दुधात कुस्करलेला पाव चमच्यात घेऊन जवळ गेले की ओठ मिटतात आणि भिंतीकडे तोंड करतात. नको असंही म्हणत नाहीत, नको म्हटलं असतं तर मी भांडले असते. बाईच्या हातचं खातात, तुझ्या आईच्या हातचं खातात. बाई म्हणाली, आजी, तुम्ही घाईघाईने भरवता म्हणून रुसलेत. मी म्हटलं, असेल. लग्न झाल्यापासून या माणसाला मी वाढलं, आणि आता त्याचा घास मी स्वयंपाकघरात कुस्करून वाटी दुसऱ्याच्या हातात देते आणि दाराआड उभी राहते. त्यात दहा दिवसांनी छातीत कफ झाला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पंधरा दिवस धरून चला, नातेवाइकांना कळवायचं तर कळवा. तुला कळवलं होतं तुझ्या बापाने. तू म्हणालीस, बाबा, इथून हलता येत नाहीये, रोज भाग लागतो. त्या पंधराचे आज चाळीस झालेत.

रात्री बाई नसते, तुझी आई झोपते, माझ्या हातचं चालत नाही. म्हणून आता अकराच्या औषधाचं दूध तुझा बाप पाजतो. म्हणजे रोज रात्री तोच तिथे बसतो आणि तोही तुझी मालिका बघतो. गोडी लागली आहे त्याला. परवा चमचा हातात धरून, आपल्या बापाचं तोंड पुसता पुसता म्हणाला, काय बावळट माणूस दाखवलाय हा नवरा, नाकाखाली चाललंय आणि याला पत्ता नाही. नाना, त्याच्या जागी तुम्ही असता तर दोघांना लाँड्रीच्या भट्टीतच घातलं असतं. आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. असे बघतात आजकाल ते त्याच्याकडे. कपाळ बघतात, कान बघतात, हात बघतात. त्याला वाटतं बापाची माया दाटून आली. काल मला म्हणाला, आई, नाना किती प्रेमाने बघतात ग माझ्याकडे. मी कांदा चिरायला घेतला.

मी काही केलं नाही असं समजू नकोस. गेल्या महिन्यात दुपारी स्टुलावर चढून शिवणाच्या कात्रीने केबलची वायर कापली. या वयात स्टुलावर. सगळ्यांना सांगितलं, उंदराने खाल्ली. संध्याकाळी आजोबांनी असा आरडाओरडा केला, शब्द नाहीत नुसता आवाज, उजेड उजेड करून, की तुझ्या बापाने केबलवाल्याला कामावरून उठवून आणलं. तो टोक हातात धरून मला म्हणाला, आजी, तुमच्याकडचे उंदीर फार नीटनेटके दिसतात, एका रेषेत कापतात. सगळे हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग अकरापर्यंत डोळे मिटले नाहीत.

कारण तुझी नायिका आता पोटुशी आहे. आणि तू गेल्या आठवड्यात फोन केलास, बापाने तो मोठ्या आवाजावर लावून पलंगापाशी धरला. तू अशी खुशीत ओरडलीस की दारापर्यंत ऐकू आलं. बाबा, बावीस तारखेचा भाग अजिबात चुकवू नका, एक तासाचा आहे, मूल कोणाचं ते कळणार, चित्रण पण झालंय, अख्खं युनिट रडलं. नानांना पण जागं ठेवा हं. ठेवायची गरज नाही पडणार त्यांना. तेव्हापासून रोज सकाळी बाई आली की ते डाव्या हाताने कॅलेंडर दाखवतात आणि कालच्या तारखेवर फुली मारून घेतात. बाईला वाटतं, आजोबांना जगायची उमेद आली. डॉक्टरलाही नवल वाटतं. मला नवल वाटत नाही. हा माणूस बावीस तारखेपर्यंत मरणार नाही आणि त्यानंतर जगणार नाही. माझ्याकडून जे कधी विचारून घेतलं नाही ते त्यांना तुझ्याकडून कळून घ्यायचं आहे. तुला ठाऊक आहे अशी त्यांची खात्री आहे.

आणि तुला ठाऊक नाही, पोपटे. तू मोरीच्या उंबऱ्यावर बसून मला विचारलंस, मग बाबा त्या नकाशेवाल्याचेच का, आणि मी मान हलवली. ती मान मी का हलवली ते ऐक. मला माहीत होतं म्हणून नाही. तेव्हाही माहीत नव्हतं, आज पन्नास वर्षं त्या पोराला बघतेय तरी माहीत नाही. एकाच महिन्यात दोघं होते, कसं कळणार? तुझ्या बापाचं नाक माझ्या बापाचं आहे, जिद्द माझी आहे, आळस कोणाचा ते सांगता येत नाही. पण त्या दिवशी तू डोळे मोठे करून ऐकत होतीस. इतक्या वर्षांत माझी गोष्ट कोणी ऐकली नव्हती, आणि गोष्टीतून काहीतरी हाती लागलं असं म्हणावंसं वाटलं. एक मान हलवली म्हातारीने, हौस म्हणून. त्यावर तू अख्खं युनिट रडवलंस. आणि एवढी शहाणी तू, तुझ्या हेही ध्यानात आलं नाही की ते मूल डॉक्टरचं ठरवलंस तर ज्या नावासाठी तो म्हातारा रोज रात्री दोन श्वास धरून पडायचा, ते आडनाव तू स्वतःच्याच हाताने खोडलंस. तुला वाटलं तू माझी गोष्ट लिहितेयस.

भाग बदल असं म्हणायला मी हे लिहीत नाही. झालेलं चित्रण माझ्यासाठी कोणी पुसणार नाही, एवढं मला चौथीतही कळलं असतं. मी लिहिते ते तू बावीसच्या आत इथे ये म्हणून. पाच तास लागतात, जास्त नाहीत. आजोबांच्या पलंगावर बस आणि त्यांच्या तोंडावर सांग की हे सगळं तू तुझ्या मनाने रचलंस. टाका म्हणजे आजीने सांगितलेली लाँड्रीतली एक गंमत होती, बाकी भानगड तुझी, मूल तुझं. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे, तुझ्याकडून ते ऐकतील, निदान ऐकून घेतील. मला ते जमणार नाही. मी एकावन्न वर्षं गप्प बसले, खोटं बोलले नाही, कारण त्यांनी कधी विचारलंच नाही. आता ते डोळ्यांनी विचारतात आणि माझ्याकडे द्यायला फक्त माहीत नाही एवढंच आहे, ते त्यांनी घेऊन काय करावं? तुला खोटं सांगता येतं, तुझं ते कामच आहे, लोक टाळ्या वाजवतात. तू येशील असं मला वाटत नाही. तू मागच्या वेळी आली नाहीस, त्याच्या आधीही नाही, आणि पत्र पोहोचून तुझ्या हाती पडेपर्यंत किती फुल्या झालेल्या असतील कोण जाणे. तरी लिहिलं. बावीसला मी दाराआड उभी राहणार नाही, आत जाऊन बसणार आहे, पलंगाच्या या बाजूला मी, त्या बाजूला तुझा बाप हातात चमचा घेऊन. आलीस तर आमच्या मध्ये बस. नाही आलीस तर मध्ये कोणी असणार नाही.

तुझीच आजी,
निदान त्यात तरी शंका नाही.